पायाखाली चिवड्याचा डबा

2020 च्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळा बंद, ऑफिसं बंद, आणि कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं दिवसभर एकमेकांच्या पायांत. लेक तेव्हा पहिलीत होती. एका दुपारी ती ‘ऑफिस-ऑफिस’ खेळायला बसली. पलंगावर मांडी ठोकली, मांडीवर उशी, उशीवर पाटी. मग पोक काढलं, मान कासवासारखी पुढे केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पाटीवर टकटक बोटं आपटायला लागली. ‘हॅलो, माझा आवाज येतोय का?’ हेही दोनदा झालं. मी दारात उभी राहून हसत होते. पण ऑफिस सुटलं आणि ती उठली, तेव्हा माझं हसू थांबलं. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर आणि तोंडाने लांबलचक ‘आई आई गं’. सहा वर्षांची पोर. तिची कंबर ठणठणीत होती. तिच्या समजुतीने काम संपलं की माणसं अशीच उठतात.

घरात असं उठणारी मी होते. आणि लाजेची गोष्ट अशी की मी फिजिओथेरपिस्ट आहे. कसं बसावं, कसं उठावं हे लोकांना सांगणं हाच माझा धंदा. पण दवाखान्याला कुलूप लागलं तशी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून व्हिडिओवर पेशंट बघायला लागले. पलीकडच्या माणसाचा गुडघा नीट दिसावा म्हणून मी पडद्यात डोकं खुपसून बसायची, एकामागून एक चार-चार तास. ‘अर्ध्या तासाने उठत जा हं,’ हे वाक्य मी खुर्चीतून न उठता दिवसातून दहा वेळा म्हणत असे. मग एका सकाळी तोंड धुवायला बेसिनवर वाकले आणि उसण भरली. तशीच नळाला धरून उभी राहिले. नवऱ्याने विचारलं, ‘डॉक्टरला फोन लावू का?’ त्या परिस्थितीतही त्याला विनोद सुचत होता.

तर पालकहो, आजचं हितगुज या कमरेबद्दल. घरून काम करणं ही तेव्हा अडचणीतली सोय होती, आता अनेकांच्या घरी आठवड्यातले दोन-तीन दिवस ती रीतच झाली आहे. तिच्यासोबत कंबरही दुखते आहे. ही फक्त आपल्याकडची रड नाही. 2020 साली जगभरात सुमारे 62 कोटी माणसं कंबरदुखीने त्रस्त होती, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. पण मला आकड्यांपेक्षा तुमच्या घराबद्दल बोलायचं आहे. तुमची पाठ आता घरात, मुलांच्या डोळ्यांदेखत काम करते. आईबाबा कसे बसतात हे पूर्वी मुलांना कुठे दिसत होतं?

आधी एक गंमत करून बघा. दाराच्या चौकटीवर आपण मुलांची उंची पेन्सिलने मांडतो ना, तशी या आठवड्यात स्वतःची मांडा. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या एक रेघ आणि रात्री झोपायच्या आधी एक. पाय उघडे, टाचा भिंतीला, डोक्यावर आडवं पुस्तक. आमच्याकडे लेकीने बाबांना मोजलं, तर रात्री बाबा सव्वा सेंटिमीटरने बुटके. ती दोन दिवस सगळ्यांना सांगत होती की बाबा ऑफिस करून झिजतात.

झिजत नाहीत, चेपले जातात. आपल्या मणक्यांमध्ये 23 गाद्या असतात, याच त्या ‘गादी सरकली’मधल्या गाद्या. मोठेपणी या गाद्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. भांडी घासायच्या स्पंजासारखा त्यांचा कारभार असतो. दाब आला की पाणी बाहेर, दाब सुटला की पाणी आत, आणि त्यांचं अन्नही बाहेरूनच झिरपत आत येतं. रात्रभर आडवं पडल्यावर त्या टम्म फुगतात, दिवसभरात चेपतात. आता स्पंज हाताच्या मुठीत चार तास दाबून धरला तर काय होईल? तो फाटणार नाही, पण कोरडा आणि कडक होईल. माझा स्पंज तसा झाला होता. शिवाय सकाळी गादी फुगलेली असताना वाकलं की तिच्यावर ताण अधिक येतो. म्हणून उसण पुष्कळदा सकाळी भरते, आणि तीही एखादं पोतं उचलताना नाही, तर दात घासताना, मोजे घालताना, बाळाला पाळण्यातून काढताना. उठल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास कमरेतून खोल वाकायचं टाळा, एवढं साधं पथ्यही कामाला येतं. चहा करा, घरातल्या घरात चाला, मग काय ते वाका.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेतल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला होता. (कोण तयार झालं असेल त्याला, असा प्रश्न मला कॉलेजात पडला होता.) पुढे वाकून बसलं की दाब उभं राहण्यापेक्षा बराच वाढतो, हे त्यातून कळलं. 1999 साली जर्मनीत पुन्हा तशी मोजणी झाली. तेव्हा दिसलं की खुर्चीत मागे रेलून सैल बसलं तर दाब उभं असतानापेक्षाही कमी होतो. म्हणजे आपल्या मास्तरांनी छडी दाखवून जो ‘ताठ बस’ शिकवला, तो दिवसभर पाळायचा नियम नव्हे. ताठ बसून स्नायू थकतात, मग माणूस दुप्पट पोक काढतो. कधी रेलावं, कधी ताठ बसावं, कधी उभं राहावं. पाठीला एकाच जागी मूठ आवळून धरलेलं सोसत नाही, बाकी तिची फारशी तक्रार नसते.

ऑफिसात आपण चळवळत होतो, हे आता लक्षात येतं. बस पकडायला पळणं, लोकलच्या पुलाचे जिने, टपरीवरचा चहा, ‘जरा तिच्या टेबलाशी जाऊन येते’, डबा खायला दुसऱ्या मजल्यावर. घरून काम सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी ऑफिसच्या खुर्चीची आठवण काढली. माझं मत विचाराल तर खुर्चीहून जास्त नुकसान टपरी गेल्याने झालं. घरी एक मीटिंग संपली की बोट हलवून दुसरीत जाता येतं. मध्ये एक पाऊलही टाकावं लागत नाही.

या टपरीची जागा घरात कोण घेऊ शकतं, ते मला एका बाबांनी न कळत शिकवलं. पाठदुखीसाठी व्हिडिओवर आले होते. बेडरूमचं दार आतून लावून नऊ ते दोन सलग काम करायचे. म्हणाले, ‘मॅडम, मुलगा दार वाजवून वाजवून जीव खातो. लक्षच लागत नाही.’ मी विचारलं, किती वेळाने वाजवतो? म्हणाले, ‘दर अर्ध्या तासाने काहीतरी असतंच. पाणी हवंय, चित्र बघा, मांजर आलंय.’ मी म्हटलं, अहो, माझं काम तो पाच वर्षांचा मुलगा फुकटात करतोय आणि तुम्ही त्याला रागावताय! मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. साहेबांबरोबर किंवा क्लायंटबरोबर मीटिंग असेल तेव्हा कडीला लाल रुमाल बांधायचा, रुमाल असेल तर दार वाजवायचं नाही. रुमाल नसेल तर वाजवायचं, आणि बाबांनी बसल्या जागेवरून ‘काय रे?’ असं न ओरडता उठून यायचं. चित्र बघायला हॉलपर्यंत, मांजर बघायला गॅलरीपर्यंत. दोन मिनिटं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा दिसले तेव्हा पाठीचं बोलणं मागे पडलं होतं, मांजराला पिल्लं झाल्याचं मात्र सविस्तर कळलं.

सगळ्यांचंच असं चित्रासारखं जमेल असं नाही. तान्हं मूल असेल तर दर दहा मिनिटांना उठून माणूस मेटाकुटीला येतो, आणि तिथे ‘उठत जा’ हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ. पण शाळकरी मुलं असतील तर हे काम त्यांच्यावर सोपवाच. मुलांना मोठ्यांना दामटवायचा अधिकार फार आवडतो. आमच्या घरी वेळेचा हिशेब कुकरच्या शिट्टीवर, दारावरच्या बेलवर आणि लेकीच्या ‘उठ आता’वर चालतो. फोन आला की उभं राहून बोलायचं हा नियम तिनेच केला आणि तो मोडला तर दंड एक रुपया. माझ्या नवऱ्याने एका महिन्यात त्रेचाळीस रुपये भरले.

आता बसायच्या जागेकडे येऊ. टेप घ्या आणि घरातलं जेवणाचं टेबल मोजा. बहुतेक ते तीस इंचांच्या आसपास भरेल, आणि खुर्चीची बैठक अठरा इंच. ही मापं जेवायला ठीक आहेत. जेवताना आपण वीस मिनिटं बसतो आणि घास तोंडाकडे आणतो. पण पाच फूट उंचीच्या बाईने त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून आठ तास टाइप केलं तर काय होतं बघा. हात वर पडतात, म्हणून खांदे कानांकडे चढतात. पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, म्हणून ती खुर्चीच्या काठावर सरकते. काठावर सरकली की पाठीमागचा आधार सुटला. आणि पडदा खाली, म्हणून मान पुढे. आपलं डोकं साधारण पाच किलोचं, म्हणजे गव्हाच्या पिठाची एक पिशवीच. ती मानेवर सरळ तोलली असेल तर जाणवत नाही. हात लांब करून तीच पिशवी धरून बघा, पाच मिनिटांत खांदा बोलायला लागेल. मानेचे आणि पाठीचे स्नायू तुमच्यासाठी दिवसभर ती पिशवी धरून उभे असतात.

यावर वीस हजारांची खुर्ची घ्यायलाच हवी असं मी म्हणणार नाही. परवडत असेल तर जरूर घ्या, मात्र आणल्यावर तिच्यात गोठून बसू नका. ज्यांना घ्यायची नाही त्यांनी खालून वर यावं. बैठक उंच करायला सतरंजीची घट्ट घडी घाला, म्हणजे कोपर टेबलाच्या पातळीला येईल. आता पाय आणखी लोंबकळतील, म्हणून त्यांच्याखाली काहीतरी टणक हवं. आमच्याकडे दिवाळीच्या चिवड्याचा पत्र्याचा चौकोनी डबा होता. त्यात जुनी पाठ्यपुस्तकं भरून झाकण लावलं, म्हणजे तो सरकत नाही. कमरेच्या खोबणीत टॉवेलची गुंडाळी. लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. आमच्या घरी या कामी मोल्सवर्थचा शब्दकोश आला. सासऱ्यांनी हौसेने घेतलेला तो ग्रंथ गेल्या वीस वर्षांत एवढा कधी वापरला गेला नव्हता. ज्यांना जवळचं आणि लांबचं एकत्र असलेला चष्मा आहे त्यांनी मात्र पडदा थोडा खालीच ठेवावा, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागून धरते.

लॅपटॉप वर चढवला की कळफलकही वर जातो. या यंत्राची मुळात खोड हीच आहे. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या, त्यामुळे एक तर मान मोडते किंवा हात. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस ही एकच खरेदी मी सगळ्यांना करायला लावते. काही शेकड्यांत काम होतं, आणि या यादीत पैशाचं चीज होणारी ती पहिली वस्तू आहे.

पलंगाबद्दल बोलायचं टाळणार होते, कारण तिथे सगळेच चोर. पलंगावर पाय पसरून मांडीवर लॅपटॉप घेतला की कंबर मागे गोल होते आणि गादी तिला आणखी आत ओढून घेते. घरात दुसरी जागाच नसेल, आणि मुंबईत एका खोलीत चौघांचं घर असलेल्या कितीतरी जणांना ती नसते, तर निदान पाठ भिंतीला टेकवा, कमरेमागे घट्ट उशी घ्या, गुडघ्यांखाली लोड सरकवा आणि अर्ध्या तासात जागा बदला. जमिनीवर बसणाऱ्यांना मी अडवत नाही. पूर्वी पेढीवर मुनीमजी दिवसभर मांडी घालूनच बसत, पण त्यांच्यासमोर उतरती लाकडी पेटी असे. कागद डोळ्यांकडे वर येई, मागे तक्क्या असे, आणि दर गिऱ्हाइकाला वही काढायला ते उठत. आपण चौरंगावर लॅपटॉप ठेवून मांडी घालतो तेव्हा मांडी तेवढी जुनी राहते. पेटी, तक्क्या आणि गिऱ्हाईक कुठे आहेत? तरीही जमिनीवरून दिवसातून पाच-सहा वेळा उठबस झाली तर मांड्या आणि कंबर चालते राहतात, हा त्यातला फायदा घ्यावा.

उभ्याने काम करायचं तर स्वयंपाकघरातला ओटा आहेच. तो साधारण तेहतीस इंचांचा असतो, म्हणजे टायपिंगसाठी थोडा कमीच. खाली एखादं जाड लाकडी खोकं ठेवलं की जमतं. बेसिनपासून लांब मांडा, नाहीतर कंबर वाचेल आणि लॅपटॉप जाईल. पण सलग उभं राहणंही काही पुण्याचं नाही. पोळ्या करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पायाशी एक पाट ठेवून आलटूनपालटून एकेक पाय त्यावर ठेवला तर कमरेवरचा ताण हलका होतो. ही युक्ती पोळ्या लाटतानाही लागू आहे.

मी खासकरून आयांना सांगते ते पुढचं, कारण ही चूक फक्त घरून काम करणारेच करू शकतात. दोन तास वाकून बसल्यावर पाठीचे बंध ताणून सैल पडलेले असतात, बनियनचं इलॅस्टिक सैल पडावं तसे. त्यांना सावरायला निदान काही मिनिटं लागतात. ऑफिसात त्या मिनिटांत आपण जिना उतरत असतो. घरी काय होतं? मीटिंग संपते, बाळ रडत असतं, आपण खुर्चीतून उठून तीच ताणलेली कंबर वाकवून अकरा किलोचं पोर पलंगाच्या पलीकडच्या कडेवरून उचलतो. वर वळून काखेला मारतो. किंवा पाण्याची भरलेली बादली, किंवा वीस लिटरचा जार. कंबर तिथे धरते, आणि दोष लागतो बाळाला. उठल्यावर आधी सरळ उभं राहा. हात कमरेवर ठेवून दोन-तीनदा हलकेच मागे रेला, दहा पावलं चाला, मग बाळाकडे जा. गुडघे वाकवा, बाळाला आधी छातीशी घ्या, मग उठा, आणि वळायचं तर पायांनी वळा. बाळ या अर्ध्या मिनिटात रडून रडून काही वाळत नाही. अंगावर पाजतानाही बाळाला छातीपर्यंत वर आणा, तुम्ही बाळाकडे वाकू नका. मांडीवर दोन उशा आणि पायाखाली पाट, एवढ्याने पाठीचं अर्धं दुखणं जातं.

इथे बाबा मंडळींना एक चिमटा. माझ्याकडे येणाऱ्या आया सांगतात की घरून काम म्हणजे ऑफिस अधिक स्वयंपाक अधिक अभ्यास अधिक सासूबाईंचं पथ्यपाणी. मीटिंग ‘म्यूट’ करून कुकर लावला जातो. अशा बाईला मी दहा व्यायाम शिकवले तर तिच्या यादीत अकरावं काम वाढतं. तिच्या कमरेवरचा मोठा उपाय माझ्याकडे नसतो, दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या माणसाकडे असतो. पिंप भरणं, गादी उचलणं, धाकट्याला अंघोळ घालणं, यातलं काय कोण करेल हे एकदा कागदावर मांडा. झोप आणि डोक्यावरचा ताण यांचंही कमरेशी नातं आहे. रात्री बारापर्यंत ईमेल बघणाऱ्याची पाठ सकाळी जास्त दुखते, मग खुर्ची कसलीही असो.

मुलांना ‘सरळ बस, पोक काढू नकोस’ हे आपण पलंगावर मुटकुळं करून बसल्या बसल्या ओरडतो, म्हणून ते त्यांच्या कानाआडून जातं. त्यांच्या बसण्याची जागाही आपण मोठ्यांच्या मापाची देतो. नऊ वर्षांचं मूल अठरा इंची खुर्चीत बसलं की पाय लोंबकळतात, मांडीखाली खुर्चीची कड रुतते, मग ते पाय वर घेतं, वाकडं होतं, टेबलावर लोळतं. ते मूल आळशी नसतं, पायाखाली जमीन शोधत असतं. चिवड्याचा डबा मी पहिल्यांदा लेकीसाठीच काढला होता, माझ्यासाठी नव्हे. दप्तराचंही बघा. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार पहिली ते दहावीच्या मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. तीस किलोचं मूल असेल तर तीन किलो. वजनकाट्यावर एकदा दप्तर ठेवून बघा आणि मग आतली पाण्याची मोठी बाटली, तीन कंपासपेट्या आणि गेल्या आठवड्याचा डबा बाहेर काढा.

दुसरं म्हणजे आपली भाषा. ‘माझी पाठ गेली’, ‘मणक्यात गॅप आलाय, आता जन्माचं झालं’, ‘मला काही उचलायला सांगू नका’ असं आपण मुलांसमोर सहज बोलतो. मुलं ते ऐकून ठेवतात आणि पाठ म्हणजे काचेची वस्तू असं समजून चालतात. खरं तर एमआरआयमध्ये गादी झिजलेली किंवा बाहेर आलेली दिसणं हे बऱ्याचदा केस पांढरे होण्यासारखं असतं. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून बघितल्या, तेव्हा विशीतल्या 37 टक्के आणि चाळिशीतल्या 68 टक्के लोकांच्या गाद्या झिजल्याच्या खुणा दिसल्या. तेव्हा रिपोर्टमधले शब्द वाचून घाबरून जाऊन खाटेला खिळू नका. माझ्या उसणीच्या दिवसांत मी लेकीसमोर ‘आई गं’ बंद केलं. त्याऐवजी ‘कंबर आखडली आहे, जरा चालून येते’ असं म्हणायला लागले. सुरुवातीला ते नाटकी वाटलं, मला आणि तिलाही.

आणि दुखलंच तर? बहुतेक वेळा साधी कंबरदुखी काही आठवड्यांत उतरते. एखादा दिवस, फार तर दोन, सोसवेल तेवढी विश्रांती. त्यानंतर पडून राहिल्याने ती लांबते. शेकायला गरम पाण्याची पिशवी चालेल, आजीच्या तेलालाही माझी ना नाही, मात्र कुणाकडून पाठ तुडवून घेऊ नका. कमरेचा पट्टा महिनोन्महिने लावू नका. दुखणं ओसरायला लागलं की भुजंगासन आणि मार्जारासन सावकाश करा, पण तीव्र दुखत असताना हौसेने बारा सूर्यनमस्कार घालायला जाऊ नका. पुन्हा दुखू नये म्हणून माझ्याकडे फारसं गुपित नाही. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेला एक अभ्यास 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या लोकांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं. ज्यांना असा कार्यक्रम दिला नव्हता त्यांचं दुखणं परत यायला मधल्या हिशेबाने 112 दिवस लागले, चालणाऱ्यांचं 208. म्हणजे संध्याकाळी पोराला क्लासला गाडीवर सोडण्याऐवजी चालत सोडलं तर औषध आणि गप्पा दोन्ही होतात.

मात्र काही वेळा थांबू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, चप्पल पायातून निसटायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, आधी कधी झालेला कर्करोग, यांतलं काही असलं तरी डॉक्टरांना दाखवा. लहान मुलाने पाठ दुखते म्हणून खेळणं सोडलं, तर ‘मोबाइल बघतोस म्हणून’ असं म्हणून मोकळे होऊ नका. मुलाचं पाठदुखणं आठवड्याभरात थांबलं नाही तर तपासून घ्या.

लेक आता बारावं संपवून तेराव्या वर्षात आहे. ‘ऑफिस-ऑफिस’ची आठवण काढली की तिला राग येतो. गेल्या महिन्यात ती अभ्यासाला बसली आणि पाय हलवता हलवता तिच्या लक्षात आलं की टाचा आपोआप जमिनीला टेकताहेत, डबा उगाच मध्ये येतो आहे. तिने तो पायाने बाजूला सरकवला, वाकून उचलला, झाकणावरची धूळ फ्रॉकला पुसली. ‘आई, हा स्वयंपाकघरात नेऊ का, चिवड्याला?’ मी टेबलापाशी होते. सतरंजीच्या घडीवर बसलेली, आणि माझे पाय, पाच फूट माणसाचे पाय लोंबतात तसे, हवेत होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली. मग काही न बोलता टेबलाखाली शिरून तिने डबा माझ्या पायांखाली सरकवला.